मुन्सफीचे तीन दरवाजे

सन २०२५ च्या मे महिन्याच्या २० तारखेस सर्वोच्च न्यायालयानें एक निवाडा दिला. आपल्या अमरावतीचे भूषण गवई हे त्या वेळीं सरन्यायाधीश होते. त्यांनीं व त्यांच्या दोघां सहकारी न्यायमूर्तींनीं असें ठरविलें कीं, दिवाणी न्यायाधीशाच्या अगदीं खालच्या जागेकरितां, म्हणजे आपले आजे-पणजे जिला मुन्सफी म्हणत त्या जागेकरितां, जो कोणी उमेदवार होऊं इच्छील त्यानें निदान तीन वर्षें वकिली केलेली असली पाहिजे. पदवीचा कागद हातीं पडतो न पडतो तों परीक्षा द्यावी आणि पंचविशीच्या आंत न्यायासनावर जाऊन बसावें, हा वीस-बावीस वर्षें अनेक प्रांतांत चालत आलेला क्रम ह्या निवाड्यानें मोडला. ज्या भरतीचें काम आधींच सुरू झालें होतें तिला मात्र नियम लागू केला नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलगा अथवा मुलगी कायद्याचा अभ्यास करीत असेल, त्यांच्या घरीं ह्या निवाड्यावरून जेवतांना वाद झाला असेल ह्यांत शंका नाहीं. आमच्याहि घरीं तो झाला.

वाद करणारे दोन्ही पक्ष असें बोलत होते कीं, जणूं हा प्रश्न कालच उपस्थित झाला. वस्तुतः तो दीडशें वर्षांहून जुना आहे, आणि त्याचीं बहुतेक अंगें आमच्याच मुंबई इलाख्यांत एकामागून एक उघडीं पडून गेलेलीं आहेत. मुन्सफ कोणास करावें? विद्वानास, परीक्षेंत उतरलेल्यास, कीं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून आलेल्यास? ह्या प्रश्नाचा इतिहास पाहिला असतां आम्हांस कांहीं गोष्टी दिसल्या, त्या वाचकांपुढें मांडाव्या असा हेतु आहे.

पेशवाईंतील न्यायाचें नांव निघालें कीं रामशास्त्री प्रभुणे ह्यांचें स्मरण व्हावयाचेंच. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत ते मुख्य न्यायाधीश होते. त्यांस सनद कोणती होती, किती वर्षांचा अनुभव होता, असें त्या काळीं कोणी विचारलें नसतें. त्यांची पात्रता म्हणजे त्यांचें अध्ययन व त्यांची कीर्ति. आणि १७७३ सालीं नारायणरावांचा वध झाल्यावर राघोबादादांसमोर त्यांनीं जें केलें त्यानें ती कीर्ति कायमची शाबीत झाली. परंतु रामशास्त्री पुण्यास होते. खेडेगांवींचा बांधाचा, वाटणीचा, वतनाचा तंटा त्यांच्यापर्यंत क्वचितच पोंचे. तो पाटलापुढें व पंचांपुढें चाले. पंचांस धर्मशास्त्र येत असेच असें नव्हे. त्यांस वादी व प्रतिवादी, त्यांचे बाप-आजे, त्यांची शेतें व त्यांचे स्वभाव ठाऊक असत. काम सुरू होण्यापूर्वीं दोघांकडून राजीनामा लिहून घेत. राजीनामा म्हणजे ह्या पंचांचा निवाडा मान्य करूं अशी कबुली. आजच्या अर्थानें नोकरी सोडण्याचा कागद नव्हे.

एल्फिन्स्टन साहेबांनीं १८१९ सालीं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला त्यांत ह्या पंचायतीचे दोष त्यांनीं झांकले नाहींत, तथापि ती राखावी असेंच त्यांचें मत होतें. ती राहिली नाहीं. पंचांस पगार नव्हता, निवाडा अमलांत आणण्याची सत्ता नव्हती. आणि शेजारींच सरकारी कोर्ट उघडलें, त्याच्या हुकुमामागें शिपाई उभा होता. लोक कोर्टाकडे वळले. म्हणजे ज्याच्या अंगीं माहिती होती त्याच्या हातचा न्याय जाऊन ज्याच्या हातीं सत्ता होती त्याच्याकडे तो गेला. पुढील सर्व खटपट, आमच्या मतें, ह्या दोन गोष्टींची पुन्हां गांठ घालण्याची आहे.

बंगाल्यांत कॉर्नवॉलिसनें १७९३ सालीं मुन्सफ निर्माण केले, त्यांच्याकडे पन्नास रुपयांपर्यंतचे दावे असत. आमच्या इलाख्यांत १८२७ च्या एल्फिन्स्टनी कायद्यांनीं ‘नेटिव कमिशनर’ नेमले. पुढें त्यांचे सदर अमीन, मुन्सफ असे वर्ग झाले. त्यांस शास्त्रार्थ सांगण्यासाठीं कोर्टांत पगारी शास्त्री असे; हिंदूंच्या दाव्यांत दत्तक, वांटणी, स्त्रीधन ह्यांवर तो आपली व्यवस्था लिहून देई. १८६४ सालीं कायदा करून शास्त्र्यांच्या व काझींच्या ह्या जागा मोडण्यांत आल्या. ह्यापुढें कायदा न्यायाधीशानें स्वतःच जाणला पाहिजे, असा त्याचा अर्थ. मग जाणणारा न्यायाधीश आणावयाचा कोठून?

ह्या प्रश्नास १८६९ च्या मुंबई दिवाणी कोर्टांच्या कायद्यानें उत्तर दिलें. ह्या कायद्यानें मुन्सफ, सदर अमीन हीं नांवें जाऊन पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज झाले; लोकांनीं मात्र मुन्सफ हा शब्द सोडला नाहीं. दुसऱ्या वर्गाच्या जज्जाकडे पांच हजार रुपयांपर्यंतचे दावे आले. ही रक्कम त्या काळीं लहान नव्हे. एखाद्या सुखवस्तु घराण्याचें सारें किडुकमिडुक तींत मावेल. अशा माणसाची पात्रता सांगतांना कायद्यानें तीन दरवाजे ठेविले. पहिला, हायकोर्टाच्या वकिलीचीं पांच वर्षें. दुसरा, हायकोर्टानें ठरविलेल्या कसोटीस उतरणें. तिसरा, मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. ही पदवी. ह्या तिहींच्या मध्यें ‘आणि’ नव्हतें, ‘अथवा’ होतें. अनुभव, परीक्षा, विद्या ह्यांपैकीं कोणतीहि एक गोष्ट पुरे असें कायदा करणाऱ्यांस वाटलें. त्यांस अननुभवी समजण्याचें कारण नाहीं. विद्यापीठ निघून अवघीं बारा वर्षें झालीं होतीं. एकाच दरवाजांतून पुरेसे लोक आले नसते, हें त्यांस दिसत होतें.

दुसऱ्या दरवाजानें, म्हणजे परीक्षेच्या वाटेनें, आलेल्या पिढीचें एक उत्तम उदाहरण गोपाळ हरि देशमुख हें आहे; कारण ही वाट १८६९ च्या पूर्वींहि होतीच. विद्यापीठाचा जन्म होण्यापूर्वींच ते मुन्सफीची परीक्षा देऊन त्या खात्यांत शिरले, वाईस मुन्सफ झाले, १८६७ सालीं अहमदाबादेस स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज झाले. ‘शतपत्रें’ लिहिणाऱ्या लोकहितवादींस विद्यापीठाची पदवी नव्हती. परीक्षेंत त्यांस कायद्याचें ज्ञान विचारलें असेल. त्यांच्याजवळ जें खरें भांडवल होतें, म्हणजे आपल्या समाजाच्या बारीकसारीक खोडी उघड्या डोळ्यांनीं पाहण्याची शक्ति, तें कोणत्याहि परीक्षेंत विचारीत नाहींत.

तिसऱ्या दरवाजानें आले महादेव गोविंद रानडे. त्यांची हकीकत ह्या वादांत कोणी कां काढीत नाहीं ह्याचें आम्हांस नवल वाटतें. १८६६ सालीं ते एल्एल्. बी. झाले. त्यानंतरचीं पांच वर्षें त्यांनीं काय केलें? सरकारच्या भाषांतराच्या खात्यांत काम केलें. अक्कलकोटास कारभारी झाले. कोल्हापुरास न्यायाधीश झाले. एल्फिन्स्टन कॉलेजांत इंग्रजी वाङ्मय व इतिहास शिकविला. १८७१ सालीं अ‍ॅडव्होकेटची परीक्षा उतरले आणि त्याच सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून नेमले गेले. वकिली त्यांनीं केली ती जवळजवळ नाहींच. आजची मोजपट्टी काटेकोरपणें लाविली तर महाराष्ट्रांतील सर्वांत नामांकित सबजज्ज उमेदवारीच्या अर्जापाशींच अडकला असता!

हें वाचून तरुण वाचकांनीं टाळ्या वाजवूं नयेत. रानड्यांसारखा मनुष्य कोणत्याहि दरवाजानें आला असता तरी रानडेच झाला असता. आणि नियम करावयाचे ते रानड्यांकरितां नव्हे, तर तुमच्याआमच्यासारख्यांकरितां. शिवाय कोल्हापूरची न्यायाधीशी व अक्कलकोटचा कारभार ह्यांनीं त्यांस जें दाखविलें असेल तें कोणत्याहि जुनिअर वकिलाच्या तीन वर्षांहून अधिक असेल. तेव्हां ह्या उदाहरणाचा खरा अर्थ एवढाच कीं, अनुभव लागतो. परंतु तो वकिलीच्याच सालांत मोजला पाहिजे असें नाहीं.

अनुभव लागतो हें ज्या प्रसंगानें आमच्या इलाख्यास अत्यंत कडू रीतीनें शिकविलें तो प्रसंग रानडे पुण्यास आल्यावर चौथ्या वर्षीं घडला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील भीमथडी तालुक्यांत सुपें येथें कुणबी जमले व त्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांस पैसा नको होता. त्यांस कर्जरोखे हवे होते. जेथें रोखे मिळाले तेथें ते जाळले, आणि दंगा पुणें व अहमदनगर ह्या जिल्ह्यांत पसरला. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें. त्या चौकशींत दिवाणी कोर्टांचा जो कारभार उघडकीस आला तो मुन्सफाच्या पात्रतेचा विचार करणारानें अवश्य ध्यानांत घ्यावा.

गोष्ट अशी होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावर दावा करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. कायदा करणाऱ्यांस वाटलें, ह्यानें जुनीं कर्जें आपोआप मरतील. झालें उलटें. सावकार दर तीन वर्षांनीं कुणब्याकडून नवा रोखा लिहून घेऊं लागला व चढलेलें व्याज मुद्दलांत घालूं लागला. पन्नासाचे शंभर, शंभराचे दोनशें. मग दावा होई. समन्स कुणब्यास पोंचे अथवा न पोंचे. पोंचलें तरी दहा कोस चालून कोर्टांत जाणें, वकील देणें हें त्याच्या शक्तीबाहेरचें. तो हजर राहात नसे. मुन्सफ रोखा पाही, त्यावरील निशाणी पाही, साक्षीदार पाही, आणि एकतर्फी हुकूमनामा देई. त्यांत कायद्याची एकहि चूक नसे. एल्एल्. बी. च्या परीक्षेंत त्या निकालास पूर्ण गुण मिळाले असते. त्या रोख्यामागें किती जुने रोखे दडले आहेत, मूळ रक्कम काय होती, बैल विकत घेतांना हातीं रोख किती पडले, हें विचारण्याचें त्यास कारण नव्हतें आणि बहुधा सुचतहि नव्हतें. जुन्या पंचांस तें न विचारतां ठाऊक असे.

१८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यानें न्यायाधीशावर असें बंधन घातलें कीं, रोख्याच्या आड जाऊन व्यवहाराचा आरंभापासून इतिहास पाहावा व प्रतिवादीस बोलावून त्याची स्वतः जबानी घ्यावी. म्हणजे जी जिज्ञासा मुन्सफाच्या अंगीं असावी ती कायद्यानें लेखी हुकूम करून त्याच्या अंगीं घातली! ह्याच कायद्यानें गांव-मुन्सफ व सलोखा करणारे पंच नेमले. त्यांस कायद्याची पदवी नको होती आणि त्यांच्यापुढें वकिलास मज्जाव होता. विद्येच्या व वकिलीच्या दरवाजांवर विश्वास कमी पडला म्हणून जुन्या पंचायतीचा चौथा दरवाजा पुन्हां किलकिला करण्यांत आला, असें आम्ही ह्यास म्हणतों. सलोख्याची ती योजना पुढें टिकली नाहीं. परंतु ह्याच कायद्याच्या देखरेखीचें काम रानड्यांनीं वर्षानुवर्षें केलें, तालुक्यातालुक्यांचीं दफ्तरें तपासलीं. आणि त्यांच्या अर्थशास्त्रविषयक निबंधांत कुणब्याच्या स्थितीचें जें ज्ञान आढळतें त्याचा बराच भाग ह्या दफ्तरांतून आला असावा असा आमचा तर्क आहे.

येथें आणखी एक विसंगति सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. खालच्या मुन्सफाकडून पांच वर्षें वकिली अथवा पदवी मागणाऱ्या सरकारनें त्याच्या निकालांवर अपील ऐकणाऱ्या जिल्हा जज्जाकडून मात्र वकिलीचा एक दिवसहि मागितला नाहीं. तो सिव्हिल सर्व्हंट असे. कांहीं वर्षें असिस्टंट कलेक्टर म्हणून जमाबंदी पाही, मग न्यायखात्यांत बदली होऊन जज्ज होई. त्यांत चांगले लोक नव्हते असें नव्हे. सिव्हिल सर्व्हिसमध्यें निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर आमच्याच इलाख्यांत नोकरींत होते, साताऱ्यास जज्ज होते, आणि तुकारामाच्या अभंगांचें बंगालींत भाषांतर करण्याइतकी त्यांनीं मराठी आपलीशी केली. तरीपण शिष्य पदवीधर आणि गुरु उमेदवार, असा हा देखावा पाऊणशें वर्षें चालला.

१९३५ च्या कायद्यानें ह्यांत थोडी सुधारणा केली. नोकरीबाहेरचा मनुष्य जिल्हा जज्ज व्हावयाचा तर त्यानें पांच वर्षें वकिली केलेली असावी व हायकोर्टाची शिफारस असावी, असें ठरलें. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें पांचाचीं सात केलीं. खालच्या जागांविषयीं मात्र घटना वर्षांचा आंकडा सांगत नाहीं. राज्यपालानें लोकसेवा आयोग व उच्च न्यायालय ह्यांचा सल्ला घेऊन नियम करावेत, एवढेंच तिच्या २३४ व्या कलमांत आहे. वरच्यासाठीं आंकडा घटनेंत, खालच्यासाठीं नियमांत. पुढच्या सत्तर वर्षांचा सारा झगडा ह्या रिकाम्या जागेंत झाला.

त्याचा वृत्तांत थोडक्यांत देतों, कारण तो घड्याळाच्या लंबकासारखा आहे. १९५८ सालीं मोतीलाल सेटलवाड ह्यांच्या अध्यक्षतेखालील विधि-आयोगानें खालच्या जागांसाठीं तीन ते पांच वर्षांची वकिली असावी असें सुचविलें. १९९३ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें तीन वर्षांची अट सर्व राज्यांस घालून दिली. पुस्तकांतलें ज्ञान वा नोकरीपूर्वींचें शिक्षण हें कोर्टांतील प्रत्यक्ष अनुभवाची जागा घेऊं शकत नाहीं, असें त्याचें म्हणणें पडलें. १९९६ सालीं न्यायमूर्ति जगन्नाथ शेट्टी ह्यांचा आयोग बसला. त्यास असें दिसून आलें कीं, हुशार पदवीधर तीन वर्षें थांबत नाहींत, आणि थांबले तर परत येत नाहींत. २१ मार्च २००२ रोजीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें अट काढून टाकली व तिच्या बदल्यांत निदान एक, शक्य तर दोन वर्षें शिक्षण द्यावें असें सांगितलें. ह्याच निवाड्यांत दर दहा लाख लोकांमागें पन्नास न्यायाधीश पांच वर्षांत करावेत असेंहि फर्माविलें होतें. त्याची आठवण उमेदवारांस आहे, सरकारांस राहिली नाहीं. आणि २०२५ सालीं अट पुन्हां आली.

ह्या घालमेलींत आमच्या महाराष्ट्रानें जो मार्ग काढला तो आम्हांस सर्वांत शहाणपणाचा वाटला. २००८ च्या नियमांत दोन दरवाजे ठेविले होते. तीन वर्षें वकिली केलेला असेल तर पस्तीस वर्षांच्या वयापर्यंत यावें. नवा पदवीधर असेल तर पहिल्याच प्रयत्नांत परीक्षा उतरलेला व पंचावन्न टक्के गुण मिळविलेला असावा आणि पंचविशीच्या आंत यावें. १८६९ चा ‘अथवा’ येथें जिवंत होता. ज्यांनीं हे नियम लिहिले त्यांच्या टेबलावर तो जुना कायदा होता कीं नाहीं कोण जाणे. परंतु एकाच गांवच्या पाण्यास एकच चव यावी तसें हें झालें.

आतां २०२५ च्या निवाड्याची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. कारण ती दुबळी नाहीं. देशांतील बहुतेक उच्च न्यायालयांनीं अटीच्या बाजूनें मत दिलें, आणि खालच्या न्यायाधीशाचें काम सर्वांत जवळून तींच पाहतात. नवीन मुन्सफाची पहिली सकाळ डोळ्यांपुढें आणावी. बोर्डावर डझनावारी कामें लागलेलीं. त्याच्या वडिलांच्या वयाचा वकील उठतो व म्हणतो, बांध फोडण्यास सुरुवात झाली आहे, प्रतिपक्षास नोटीस देण्यास सवड नाहीं, तांतडीचा मनाईहुकूम द्यावा. मनाईहुकूम केव्हां द्यावा ह्याच्या तीन कसोट्या प्रत्येक विद्यार्थ्यास तोंडपाठ असतात: वादीची बाजू प्रथमदर्शनीं खरी दिसते काय, हुकूम न दिल्यास अधिक गैरसोय कोणाची, आणि नुकसान पैशानें भरून निघण्यासारखें आहे काय. पण सात-बाराच्या उताऱ्यावर नांव एकाचें असून नांगर दुसऱ्याचा चालतो, मोजणीचा नकाशा दाखल न करण्यांतच कधीं कधीं सगळी मेख असते, शनिवारीं दुपारीं येणारा अर्ज मुद्दाम शनिवारीं दुपारीं येतो, हें त्या तीन कसोट्यांत लिहिलेलें नसतें. हुकूम दिला तर एकाची पेरणी बुडते. न दिला तर दुसऱ्याचें शेत जातें. तेवढ्यांत पोलिस एका इसमास घेऊन उभे राहतात. कारण हाच मुन्सफ प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीहि असतो. चोवीस तासांच्या आंत आणलेल्या त्या इसमास कोठडीत ठेवावयाचें कीं नाहीं, हें कागद चाळून पांच मिनिटांत ठरवावयाचें. त्याच्या अंगावरचे वळ पाहण्याचें ज्यास सुचतें त्यानें पूर्वीं कधींतरी आरोपीच्या बाजूस उभें राहून तें पाहिलेलें असतें. तालुक्याच्या कोर्टांतील जुने वकील हंसत हंसत सांगतात कीं, नव्या साहेबांस सहा महिने आम्ही शिकवितों. सहा महिने शिकण्याचें हें शुल्क कोण भरतो, तें मात्र ते सांगत नाहींत. तें तो बांधवाला व तो कोठडींतला भरतो.

इतकें मान्य करून आम्ही विचारतों, तीन वर्षांच्या वकिलीचें शुल्क कोण भरणार? वडिलांची कचेरी, भिंतीवर लॉ-रिपोर्टांच्या ओळी आणि पिढीजात अशील ज्याच्या घरीं आहेत त्यास तीन वर्षें म्हणजे कांहींच नव्हे. पण शेतमजुराची मुलगी शिष्यवृत्तीवर कायदा शिकून बाहेर पडली, तर जिल्ह्याच्या गांवीं खोलीचें भाडें देऊन, ज्येष्ठ वकिलाच्या मागें बस्ता घेऊन, तिनें तीन वर्षें काय खावें? बार कौन्सिल ऑफ इंडियानें ऑक्टोबर २०२४ मध्यें एक परिपत्रक काढून जुनिअर वकिलास शहरांत महिना वीस हजार व ग्रामीण भागांत पंधरा हजार रुपये द्यावेत असें सुचविलें. सुचविलें, सक्ति केली नाहीं. असें सुचवावें लागलें ह्यावरूनच सर्वत्र प्रघात काय आहे तें वाचकांनीं ओळखावें.

स्त्रियांच्या बाबतींत ह्या दरवाजाचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डास कायदा शिकून आल्या, १८९७ सालीं मुंबईची एल्एल्. बी. झाल्या, तरी स्त्रियांस वकिली करूं देणारा कायदा १९२३ सालीं होईपर्यंत त्यांस कोर्टांत वकील म्हणून उभें राहतां आलें नाहीं. त्या कायद्यानंतर चौदा वर्षांनीं, १९३७ सालीं, त्रावणकोरांत अ‍ॅना चंडी ह्या मुन्सफ झाल्या. हिंदुस्थानांतील त्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. २०२३ सालच्या एका अहवालाप्रमाणें जिल्हा न्यायालयांतील कामकाज पाहणाऱ्या न्यायाधीशांत स्त्रियांचें प्रमाण शेंकडा छत्तिसांच्या वर गेलें होतें. ही वाढ एकट्या परीक्षेच्या दरवाजानें झाली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु परीक्षेच्या हॉलांत उमेदवाराचा बाप कोण, तिला संध्याकाळीं उशिरापर्यंत कचेरींत बसूं देतात कीं नाहीं, हें विचारीत नसत. वकिलीच्या दुनियेंत तें न विचारतांहि मोजलें जातें.

आमचें मत म्हणून सांगावयाचें तर असें आहे. अनुभव अवश्य हवा. परंतु तो उमेदवारानें आपल्या पदरचा विकत आणावा असें नसून, निवड झाल्यावर सरकारनें पगार देऊन त्यास द्यावा. फ्रान्सांत न्यायाधीश तयार करण्याची शाळा बोर्दो शहरीं आहे. तेथील शिक्षण एकतीस महिन्यांचें असून त्यांतील पुष्कळसा काळ प्रत्यक्ष कोर्टांत व वकिलाच्या कचेरींत जातो. इंग्लंडची परंपरा वेगळी. तेथें न्यायाधीश वकिलांतून उचलतात. आम्हीं इंग्रजांची परंपरा घेतली, परंतु त्यांचा वकील न्यायासनावर येतो तो बहुधा केंस पिकूं लागल्यावर, हें विसरलों. तीन वर्षांची वकिली ही धड इंग्रजीहि नव्हे व धड फ्रेंचहि नव्हे. आमच्याकडे ठाण्याजवळ उत्तन येथें न्यायिक अकादमी आहे. निवडलेल्या उमेदवारास तेथें वर्गांत शिकवून पुढें वर्षभर तालुक्याच्या वकिलापाशीं, तलाठ्याच्या दफ्तरांत, तुरुंगाच्या फाटकापाशीं व एखाद्या मुरलेल्या न्यायाधीशाच्या शेजारच्या खुर्चीवर बसवावें, म्हणजे २००२ सालच्या निवाड्यांतील ‘दोन वर्षें’ भरतात. सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालींहि न्यायासनावर बसण्यापूर्वीं एक वर्षाचें शिक्षण कायम ठेविलें आहे. ही दिशा बरोबर आहे. तिच्या आधीं तीन वर्षांचें जें फाटक उभारलें तेवढ्याशींच आमचा मतभेद आहे.

आणि त्या फाटकाची किल्ली कोणापाशीं दिली आहे तेंहि पाहावें. वकिलीचीं वर्षें सनदेची तात्पुरती नोंदणी झाल्यापासून मोजावयाचीं. कोणा न्यायाधीशाचा लॉ-क्लार्क म्हणून काम केलें असेल तर तेंहि धरावयाचें. दहा वर्षें वकिली झालेल्या वकिलानें दाखला लिहावयाचा व त्या ठिकाणच्या मुख्य न्यायाधीशानें त्यावर शेरा मारावयाचा. दाखला लिहिणारा वकील उदार असेल तर ज्यानें तीन वर्षांत एकहि उलटतपासणी केली नाहीं, केवळ तहकुबीचे अर्ज दिले व उरलेला वेळ ह्याच परीक्षेच्या शिकवणीवर्गांत घालविला, त्यासहि तो मिळेल. आणि जिनें खरोखर कामें चालविलीं तिच्या दाखल्यांत व त्याच्या दाखल्यांत अक्षराचा फरक असणार नाहीं. १८६९ च्या कायद्यांतील पांच वर्षांचीहि हीच गत झाली असेल. वर्षें मोजतां येतात म्हणूनच नियम करणाऱ्यांस तीं आवडतात.

ह्या निवाड्यानंतर पांच महिन्यांच्या आंत, ९ ऑक्टोबर २०२५ रोजीं, पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें वरच्या जागांविषयीं दुसरा निर्णय दिला. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतींत खालच्या न्यायाधीशासहि उतरतां येईल, आणि त्याचीं न्यायासनावरचीं व त्यापूर्वींचीं वकिलीचीं वर्षें मिळून सात झालीं तरी चालतील, असें त्यांत ठरलें. म्हणजे वरच्या दरवाजापाशीं न्यायासनावर बसून मिळविलेला अनुभव आतां वकिलीच्या बरोबरीनें मोजतात. रानड्यांची कोल्हापूरची न्यायाधीशी ह्या हिशेबांत जमेस धरतां आली असती. १८७१ सालीं ते जी जागा मागत होते तिच्यासाठीं मात्र नाहीं.